पेतर बेरोन

पेतर बेरोन (जन्म: सुमारे १८००, कोतेल, मृत्यू: मार्च १८७१, क्रायोवा) हे बल्गेरियन शिक्षणविचारक, वैद्य, व्यापारी आणि निसर्गतत्त्वज्ञ होते. १८२४ साली ब्राशोव येथे त्यांनी मुलांसाठी एक छोटे पुस्तक छापून घेतले. ते आधुनिक बल्गेरियन भाषेतील पहिले अक्षरओळखीचे पुस्तक मानले जाते. पुस्तकाचे छापील नाव वेगळे असले तरी बल्गेरियन लोक ते ‘रिबेन बुक्वार’ या नावानेच ओळखतात. मराठीत याला ‘माशाची अंकलिपी’ म्हणता येईल.

बेरोन यांनी पुढील आयुष्यात जर्मन, फ्रेंच आणि ग्रीक भाषांत विश्वाच्या रचनेवर मोठमोठे ग्रंथ लिहिले आणि त्यांवर आपल्या मिळकतीतील बराच पैसा खर्च केला. ते ग्रंथ आज फारसे कोणी वाचत नाही. पंचविशीच्या आसपास लिहिलेल्या बालपुस्तकानेच त्यांचे नाव टिकवले आहे.

नाव

बल्गेरियन भाषेत त्यांच्या पहिल्या नावाचा उच्चार देवनागरीतील ‘पेतर’ या लेखनाने जवळजवळ अचूक कळतो. नावातील दुसरा स्वर मराठी ‘घर’ या शब्दातील ‘अ’सारखा आहे. रोमन लिपीत या स्वरासाठी स्वतंत्र अक्षर नसल्याने हेच नाव पेटार, पेटुर, पीटर अशा अनेक प्रकारे लिहिले गेले. बल्गेरियन सिरिलिक लिपीत या स्वराला स्वतःचे अक्षर आहे. त्या अक्षराची हकिकत पुढे येईल.

१८२४ च्या पुस्तकावर त्यांचे नाव बेरोन नसून हाजी बेरोविच असे आहे. हाजी बेरो हे त्यांचे वडील. बाल्कन प्रदेशात जेरुसलेमची यात्रा करून आलेल्या ख्रिस्ती माणसालाही ‘हाजी’ म्हणण्याची रीत होती, त्यामुळे या उपाधीवरून धर्माविषयी गैरसमज होऊ नये. ‘बेरोन’ हे रूप त्यांनी पुढे धारण केले.

बालपण आणि मठातील शाळा

कोतेल हे पूर्व बल्गेरियातील बाल्कन पर्वतात वसलेले गाव. त्या काळी बल्गेरिया ऑटोमन साम्राज्याच्या अमलाखाली होता. गाव आडवळणी असले तरी बल्गेरियन जागृतीच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. हिलेंदार मठातील पाइसी या भिक्षूने १७६२ मध्ये बल्गेरियन लोकांचा इतिहास लिहिला. त्याची पहिली ज्ञात हस्तलिखित प्रत १७६५ मध्ये कोतेलमध्येच तयार झाली. ती करणारे स्तोइको व्लादिस्लावोव हे गावचे धर्मगुरू आणि शिक्षक होते. पुढे ते व्रात्साचे बिशप सोफ्रोनी म्हणून प्रसिद्ध झाले. क्रांतिकारक गेओर्गी राकोव्स्की हेही याच गावचे. बेरोन यांचे कुटुंब आरंभी सुस्थितीत होते. पुढे ती स्थिती पालटली आणि मुलाला घराबाहेर पडावे लागले.

त्यांचे प्राथमिक शिक्षण कोतेलच्या ‘किलिया’ शाळेत झाले. किलिया म्हणजे मठातील भिक्षूची खोली. अशा खोलीत किंवा चर्चच्या आवारात एखादा धर्मगुरू पाच-दहा मुलांना जमवून शिकवीत असे. पाठ्यपुस्तके दोनच: प्रार्थनांचे पाठ करण्याचे पुस्तक आणि स्तोत्रसंहिता. दोन्ही चर्च स्लाव्होनिक या जुन्या धर्मभाषेत असत आणि बहुधा रशियातून छापून येत. लिहिण्यासाठी मेण लावलेली लाकडी पाटी असे.

या शाळेत अक्षरे त्यांच्या जुन्या नावांनी शिकवली जात. पहिले अक्षर ‘आझ’, दुसरे ‘बुकी’, तिसरे ‘वेदी’, चौथे ‘ग्लागोल’, पाचवे ‘दोब्रो’. ही नावे अर्थपूर्ण आहेत: ‘आझ’ म्हणजे मी, ‘बुकी’ म्हणजे अक्षरे आणि ‘वेदी’चा संबंध जाणण्याशी. संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला ‘आझ’मध्ये ‘अहम्’चा आणि ‘वेदी’मध्ये ‘विद्’ धातूचा दूरचा भाऊबंद दिसेल, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो दिसणे बरोबरही आहे. ‘झ्’सदृश ध्वनीच्या एका अक्षराचे नाव ‘झिवेते’ आहे आणि ते आपल्या ‘जीव’ शब्दाच्या कुळातील आहे.

नावे सुंदर असली तरी वाचन शिकवताना ती आड येत. ‘बा’ एवढा एक अवयव वाचण्यासाठी मुलाला आधी ‘बुकी’ आणि ‘आझ’ म्हणावे लागे आणि मगच ‘बा’ म्हणता येई. जुन्या मराठी शाळेत ‘क ला काना का’ असे घोकले जाई, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की मराठी मुलाच्या तोंडी ‘क’ हा निदान ‘क’च असतो. बल्गेरियन मुलाला दोन संपूर्ण शब्द उच्चारून, त्यांतले अर्थ विसरून, फक्त आद्यध्वनी उचलावे लागत. एवढे करून जे वाचायचे ते घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेत असे. चर्च स्लाव्होनिकमध्ये नामाची विभक्तिरूपे भरपूर आहेत, बोलीतील बल्गेरियनने ती जवळजवळ टाकून दिली आहेत. उलट बोलीत नामाच्या शेवटी निश्चितार्थक प्रत्यय लागतो, ‘क्निगा’ म्हणजे पुस्तक आणि ‘क्निगाता’ म्हणजे ते ठरावीक पुस्तक. धर्मभाषेला हा प्रत्यय माहीत नाही. रात्रीला घरी ‘नोश्त’ म्हणत, तर रशियन वळणाच्या धर्मवाचनात तोच शब्द ‘नोश्च’ होई. अशा रीतीने चार-पाच वर्षे घालवल्यावर मूल स्तोत्रे अस्खलित म्हणू शके, परंतु घरी एखादे साधे पत्र लिहिणे त्याला जमेलच याची खात्री नसे.

बुखारेस्ट आणि ब्राशोव

ज्याला याहून अधिक शिकायचे असे त्याला ग्रीक शाळेत जावे लागे. बेरोन बुखारेस्टला गेले आणि तेथील ग्रीक विद्यालयात शिकले. व्लाखिया प्रांताच्या या राजधानीत तेव्हा ग्रीक ही विद्येची आणि प्रतिष्ठेची भाषा होती. कोन्स्टान्टिनोस वार्दालाखोस यांच्यासारखे नामवंत ग्रीक शिक्षक तेथे शिकवीत. बेरोन यांना ग्रीक भाषेतून युरोपीय ज्ञानाचा परिचय झाला. ग्रीक मुले आपल्या भाषेतील नव्या वळणाची पुस्तके वाचतात, हेही त्यांनी येथेच पाहिले.

१८२१ मध्ये ग्रीक स्वातंत्र्याच्या उठावाची पहिली ठिणगी याच रोमानियन प्रांतांत पडली आणि तिचा मोड झाला. त्या धामधुमीत बेरोन कार्पेथियन पर्वत ओलांडून ब्राशोवला गेले. ट्रान्सिल्व्हानियातील हे शहर तेव्हा हाब्सबुर्ग सत्तेखाली होते आणि तेथे बल्गेरियन व्यापाऱ्यांची वस्ती होती. आन्तोन योवानोविच या धनिक व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवण्याचे काम त्यांना मिळाले. पुस्तकाची कल्पना या घरी आकारास आली आणि छपाईचा खर्चही योवानोविच यांनीच दिला.

ब्राशोवमध्ये छापण्याला एक व्यावहारिक कारण होते. ऑटोमन अमलाखालील बल्गेरियन प्रदेशात बल्गेरियन पुस्तके छापणारा छापखाना तेव्हा नव्हता. रोमानियन भाषा मात्र त्या काळी सिरिलिक लिपीत लिहिली जात असल्याने रोमानियन वस्तीच्या शहरांत सिरिलिक खिळे मिळत. रोमानियनने रोमन लिपी स्वीकारली ती १८६० च्या सुमारास.

माशाची अंकलिपी

पुस्तकाचे मूळ नाव ‘विविध उपदेशांसह बुक्वार’ अशा अर्थाचे असून ते बल्गेरियन शाळांसाठी संकलित केल्याचे मुखपृष्ठावर नमूद आहे. ‘बुक्वा’ म्हणजे अक्षर, त्यावरून ‘बुक्वार’. शेवटच्या चित्रांत एक मोठा मासा दिसतो. काही अभ्यासक त्याला डॉल्फिन म्हणतात, काही देवमासा. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही मासे नव्हेत, पण मुलांनी तो मासाच ठरवला आणि पुस्तकाचे बारसे केले. संपादकाने विचारपूर्वक दिलेले नाव मागे पडले.

पुस्तकाच्या आरंभी बेरोन यांची प्रस्तावना आहे. इतर देशांतील मुले आपापल्या भाषेत वाचतात आणि बल्गेरियन मुले मात्र उमेदीची वर्षे न समजणारी स्तोत्रे घोकण्यात घालवतात, याची खंत त्यांनी तीत व्यक्त केली आहे. शाळेच्या वाटेवर भीतीने कापणारी मुले पाहून आपले मन दुखावते, असेही ते सांगतात. किलिया शाळेत छडीचा धाक मोठा होता. बेरोन यांचे म्हणणे असे की दोष मुलांच्या बुद्धीत नसून शिकवण्याच्या रीतीत आहे. हे लिहिणारा तरुण स्वतः त्याच रीतीतून गेलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे प्रस्तावनेतील कळकळ केवळ शोभेची नाही हे पटते.

प्रस्तावनेनंतर अक्षरे आणि अक्षरांपासून होणारे अवयव येतात. मग लहान प्रार्थना, सद्वर्तनाचे पाठ, शहाण्या माणसांची चतुर उत्तरे, इसापच्या गोष्टी, प्राचीन तत्त्ववेत्त्यांच्या आख्यायिका, प्राण्यांविषयीची माहिती आणि शेवटी अंकगणित. मराठी ‘अंकलिपी’त अक्षरे आणि अंक यांची जोड असते, तशीच ती येथे आहे. म्हणूनच ‘बुक्वार’ला ‘बाराखडीचे पुस्तक’ म्हणण्यापेक्षा ‘अंकलिपी’ हा शब्द अधिक शोभतो. बराचसा मजकूर दिमित्रिओस दार्वारिस यांच्या ग्रीक वाचनपुस्तकाच्या आधारे तयार केलेला आहे. त्यामुळे पुस्तक स्वतंत्र नाही असा आक्षेप घेता येतो, पण तो फार महत्त्वाचा नाही. इसाप मुळातच कोणा एकाचा नाही, आणि बेरोन यांचे खरे काम मजकूर निवडण्याचे व त्याला बोलकी भाषा देण्याचे होते.

ती भाषा कोतेल परिसरातील पूर्वेकडील बल्गेरियन होती. तिच्यात धर्मभाषेतले काही शब्द उरले आहेत आणि शुद्धलेखनाला एकसारखेपणा नाही. वाक्ये मात्र आईने मुलाशी बोलावीत तशी आहेत. नामाला शेवटी लागणारा प्रत्यय येथे निःसंकोचपणे लिहिला गेला. प्राणिकथांमुळे देवाधर्मापलीकडच्या जगाची माहितीही शालेय पुस्तकात येऊ शकते हे प्रथमच दिसले. आकाराने लहान असलेल्या या पुस्तकाला म्हणूनच कधीकधी मुलांचा ज्ञानकोश म्हटले जाते.

मुलांनी मुलांना शिकवणे

प्रस्तावनेत बेरोन यांनी शिक्षकांना एक नवी पद्धत सुचवली आहे. बल्गेरियन भाषेत तिला ‘परस्परांना शिकवण्याची पद्धत’ अशा अर्थाचे नाव आहे. शिक्षक थोड्या मोठ्या मुलांना धडा देतो, ती मुले लहानांचे गट करून त्यांना तो शिकवतात. भिंतीवर टांगलेल्या मोठ्या तक्त्यांभोवती मुले अर्धवर्तुळात उभी राहतात. सर्वांत लहान मुले वाळू पसरलेल्या मेजावर बोटाने अक्षरे काढतात, त्यानंतर पाटीवर आणि शेवटी कागदावर. एका शिक्षकाला शंभराहून अधिक मुले सांभाळता येत आणि पुस्तकांचा खर्चही वाचे. गरीब गावांना ही गोष्ट महत्त्वाची होती.

बेरोन यांना ही पद्धत ग्रीक शाळांमुळे माहीत झाली. ग्रीकांकडे ती इंग्लंड आणि फ्रान्सकडून आली होती. इंग्लंडकडे ती आली भारतातून. १७८९ पासून मद्रासच्या एग्मोर भागातील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा कारभार अँड्र्यू बेल हे धर्मोपदेशक पाहत होते. शेजारच्या देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली आणि आपल्या आश्रमात तोच प्रयोग केला. मोठ्या मुलांवर लहानांची जबाबदारीही सोपवली. १७९७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये तशीच व्यवस्था मोठ्या प्रमाणावर उभी केली. तेव्हापासून ही पद्धत बेल-लँकेस्टर पद्धत म्हणून ओळखली जाते. १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यातील नव्या शाळांतही ती आणली गेली. धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवणाऱ्या मराठी मुलांना त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. मद्रासच्या वाळूतले अक्षर लंडन, पॅरिस आणि बुखारेस्टच्या वाटेने बाल्कन पर्वतात पोहोचले, हा या चरित्रातील एक विलक्षण धागा आहे.

स्वतः बेरोन यांना ही पद्धत बल्गेरियात राबवता आली नाही. ते काम दुसऱ्यांनी केले. स्लिवेन येथे इवान सेलिमिन्स्की यांनी १८२५ च्या सुमारास नव्या पुस्तकाच्या आधारे शिकवण्यास आरंभ केला. पद्धतशीर शाळा मात्र गाब्रोवो येथे २ जानेवारी १८३५ रोजी सुरू झाली. ओदेसा येथील व्यापारी वासिल आप्रिलोव यांनी तिच्यासाठी पैसा आणि चिकाटी दोन्ही पुरवले. रिला मठातील भिक्षू नेओफित यांनी बुखारेस्टला जाऊन पद्धत शिकून घेतली, तक्ते तयार केले आणि त्याच वर्षी बल्गेरियन व्याकरणही प्रसिद्ध केले. गाब्रोवोनंतर अशा शाळा एकामागून एक निघत गेल्या. माशाच्या अंकलिपीचेही पुढील दशकांत अनेकदा पुनर्मुद्रण झाले.

अक्षरांचा पुढील प्रवास

बेरोन यांनी मूल ज्या भाषेत बोलते तीच लिहावी हे दाखवून दिले, पण कोणता ध्वनी कोणत्या अक्षराने लिहावा हा वाद त्यानंतर शतकभर चालला. चर्च स्लाव्होनिक वर्णमालेत सुमारे चाळीस अक्षरे होती आणि त्यांतील कित्येकांचा उच्चार बोलीत उरलेला नव्हता. १८९९ मध्ये अधिकृत लेखननियम ठरले, तेव्हाही शब्दाच्या शेवटी न उच्चारले जाणारे एक अक्षर लिहावेच लागे. १९४५ च्या सुधारणेने ते काढले. ‘यात’ नावाचे अक्षरही तेव्हाच गेले. या अक्षराचे वैशिष्ट्य असे की एकच लिखित शब्द पूर्वेकडील माणूस एका प्रकारे वाची आणि पश्चिमेकडील दुसऱ्या प्रकारे. दुधाला पूर्वेत ‘म्ल्याको’ म्हणतात, पश्चिमेत ‘म्लेको’. जोवर यात होते तोवर लेखन एक आणि उच्चार दोन असे चालले. ते गेल्यावर पूर्वेकडचा उच्चार लेखनात आला. कोतेलचा मुलगा ज्या बाजूचा होता ती ही पूर्वेकडची बाजू.

आजच्या बल्गेरियन वर्णमालेत ३० अक्षरे आहेत. शाळेत व्यंजने शिकवताना आझ-बुकीची जुनी नावे वापरत नाहीत. व्यंजनाला ‘अ’सारखा ऱ्हस्व स्वर जोडून ‘ब, व, ग, द’ असे म्हणतात, म्हणजे मराठी मूल व्यंजने म्हणते तसेच. या आधारस्वराचे अक्षर ‘येर गोल्याम’, म्हणजे मोठा येर. १९४५ पूर्वी शब्दाच्या शेवटी मुकेपणाने बसणारे अक्षर हेच होते. आता ते केवळ खऱ्या स्वरासाठी लिहितात. ‘पेतर’मधला दुसरा स्वर तोच आणि देशाच्या नावातला पहिलाही तोच. मराठीत रूढ असलेले ‘बल्गेरिया’ हे नाव इंग्रजीवरून आले आहे, तेथील लोक आपल्या देशाला ‘बल्गारिया’ म्हणतात, आणि त्यातला ‘ब’ मराठी माणसाच्या तोंडी मुळातच बरोबर बसतो.

मराठी भाषकाला आणखी काही सोयी आहेत. बल्गेरियन ‘त’ आणि ‘द’ आपल्याप्रमाणे दंत्य आहेत. इंग्रजी वळणाने त्यांचा ‘ट’, ‘ड’ करू नये. मराठीत ‘च’ दोन प्रकारचा आहे, ‘चाक’मधला आणि ‘चार’मधला, पण लेखनात भेद नाही. बल्गेरियनमध्ये या दोन्हींना वेगवेगळी अक्षरे आहेत. एक अक्षर ‘श्त’ असा जोडध्वनी दाखवते. रशियनमध्ये त्याच अक्षराचा उच्चार वेगळा असल्याने रशियन शिकलेल्यांची येथे हटकून चूक होते. महाप्राण व्यंजने, म्हणजे आपले भ, ध, घ, या भाषेत नाहीत. घशातून घर्षणाने निघणारा एक ‘ख’ आहे, तो उर्दूतील ‘ख़बर’मधल्या ध्वनीजवळचा. ‘झिवेते’चा ध्वनी मराठीत नाही, इंग्रजी ‘मेझर’ या शब्दाच्या मध्यभागी तो ऐकू येतो.

डोळ्यांची फसगत मात्र सर्वांचीच होते. रोमन ‘बी’सारखे दिसणारे अक्षर येथे ‘व’ आहे, ‘एच’सारखे दिसणारे ‘न’, ‘पी’सारखे ‘र’, ‘सी’सारखे ‘स’ आणि ‘एक्स’सारखे ‘ख’. ज्याला रोमन लिपी येत नाही अशा मुलाला ही अडचण येतच नाही, हेही खरे. बल्गेरियन लेखन उच्चारानुसारी म्हणून प्रसिद्ध असले तरी पूर्णपणे तसे नाही. शब्दाच्या शेवटी ‘द’चा ‘त’ होतो, त्यामुळे शहर या अर्थाचा ‘ग्राद’ हा शब्द ऐकायला ‘ग्रात’ असा येतो. आघात नसलेला ‘आ’ येराकडे झुकतो, तर आघात नसलेला ‘ओ’ बोलताना ‘उ’कडे. आघात कोठे द्यावा हे लेखनात दाखवत नाहीत, तो शब्दागणिक ऐकूनच शिकावा लागतो.

वैद्यक, व्यापार आणि ‘पानएपिस्तेम’

पुस्तक छापून झाल्यावर १८२५ मध्ये बेरोन हायडेलबर्गला शिकण्यासाठी गेले. नंतर त्यांनी म्युनिक येथे वैद्यक पूर्ण करून १८३१ मध्ये प्रसूतिशास्त्रातील विषयावर डॉक्टरची पदवी घेतली. त्यानंतर क्रायोवा या रोमानियन शहरात ते काही वर्षे वैद्यकी करीत होते. पुढे वैद्यकी सोडून ते व्यापारात शिरले, त्यात त्यांनी भरपूर संपत्ती मिळवली आणि आयुष्याचा उत्तरार्ध मुख्यतः पॅरिसमध्ये अध्ययनात व लेखनात घालवला.

या काळात त्यांना एकाच ध्येयाने झपाटले होते. सर्व शास्त्रांचा उगम एका तत्त्वात शोधून काढायचा. १८५५ मध्ये प्रागमध्ये त्यांचा ‘स्लाव्हिक तत्त्वज्ञान’ हा जर्मन ग्रंथ निघाला. १८६० च्या दशकात ‘पानएपिस्तेम’, म्हणजे सर्वविद्या, हा अनेक खंडांचा फ्रेंच ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. खगोल, हवामान, भौतिकी, शरीरशास्त्र असे सर्व विषय त्यात एका सूत्रात ओवण्याचा प्रयत्न आहे. विद्वत्ता अफाट होती, पण एकोणिसाव्या शतकाचे विज्ञान प्रयोगशाळेत आणि विषयाविषयांत विभागले जात असताना हा प्रयत्न काळाच्या उलट दिशेने चालला होता. युरोपातील वैज्ञानिकांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

बल्गेरियन वाचकांच्या दृष्टीने यातील वेदनादायक भाग असा की हे सगळे लेखन त्यांच्या भाषेत नव्हते. मुलांना मातृभाषेत शिकवा असे सांगणाऱ्या लेखकाने प्रौढपणी मातृभाषेत ग्रंथ लिहिला नाही. याला त्यांचा दोष म्हणणे अन्यायाचे ठरेल. शास्त्रीय परिभाषा तेव्हा बल्गेरियनमध्ये नव्हती, आणि तसे ग्रंथ वाचू शकणारा वर्ग १८२४ च्या पुस्तकावर शिकून नुकता कोठे तयार होत होता.

मृत्यू आणि निधी

मार्च १८७१ मध्ये क्रायोवा येथे पैशाच्या लोभापायी बेरोन यांची हत्या झाली. ऑटोमन सत्तेपासून बल्गेरियाची सुटका त्यानंतर सात वर्षांनी, १८७८ मध्ये झाली. ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या निधीचा उपयोग बल्गेरियन शिक्षणासाठी झाला. ओद्रिन येथील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील एदिर्ने शहरातील, मुलांच्या बल्गेरियन माध्यमिक विद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले होते.

स्मृती

बल्गेरियात अनेक शाळा डॉ. पेतर बेरोन यांच्या नावाने चालतात. वार्ना येथील गणिताचे विद्यालय त्यांपैकी प्रसिद्ध आहे. गाब्रोवो येथे आप्रिलोव यांच्या नावाच्या जुन्या विद्यालयाच्या वास्तूत राष्ट्रीय शिक्षण संग्रहालय आहे. वाळूची मेजे, तक्ते आणि परस्पर-अध्यापनाची वर्गरचना तेथे पाहता येते.

दरवर्षी २४ मे रोजी बल्गेरियात लिपी, शिक्षण आणि संस्कृती यांचा राष्ट्रीय उत्सव साजरा होतो. शाळांमधून सिरिल आणि मेथोडियस या धर्मप्रचारक बंधूंच्या प्रतिमा फुलांनी सजवतात. या बंधूंनी नवव्या शतकात रचलेली लिपी ग्लागोलितिक होती. सिरिलिक ही त्यांच्या शिष्यपरंपरेत बल्गेरियात घडली, ही गोष्ट बाहेरच्या वाचकाला सहसा माहीत नसते. या उत्सवाची सुरुवात १८५१ मध्ये प्लोवदिव येथील एका शाळेत झाली. नायदेन गेरोव हे तिचे प्रवर्तक. त्या वेळी पॅरिसला शास्त्रग्रंथांत गढलेल्या बेरोन यांचे बालपुस्तक वर्गावर्गात वाचले जात होते.

१९९९ मध्ये निघालेल्या १० लेव्हच्या नोटेवर बेरोन यांचे चित्र होते. पाठीमागे दुर्बीण आणि त्यांच्या शास्त्रीय ग्रंथांतील आकृत्या होत्या. मासा मात्र नोटेवर आला नाही. १ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियाने युरो स्वीकारला आणि लेव्हच्या नोटा व्यवहारातून गेल्या. २ युरोच्या बल्गेरियन नाण्यावर हिलेंदारचे पाइसी आहेत, ज्यांच्या इतिहासाची पहिली प्रत कोतेलमध्ये झाली होती. युरोच्या नोटांवर रोमन आणि ग्रीक अक्षरांबरोबर चलनाचे नाव सिरिलिकमध्येही छापलेले असते. बल्गेरियन माणूस ते ‘एव्ह्रो’ असे वाचतो. त्यातले दुसरे अक्षर रोमन ‘बी’सारखे दिसते आणि तिसरे ‘पी’सारखे.